जेवताना जबड्याखाली गाठ येते? तो लाळेचा खडा असू शकतो



मुतखडा म्हटला की सर्वांना कळते. पण तोंडातल्या लाळेचाही खडा होतो, असे सांगितले तर पुष्कळजण हसतात. सातारा-सांगलीकडच्या वस्त्यांतून हिंडताना आम्ही असे रुग्ण पाहिले आहेत. कुणी गालगुंड समजून लेप लावत होते, कुणी चांगली दाढ उपटून घेतली होती, कुणी अंगाऱ्या-धुपाऱ्यात पैसे घातले होते. दुखणे मात्र जागच्या जागी! म्हणून आज हा विषय घेतला आहे.

आपल्याला लाळेच्या मोठ्या ग्रंथींच्या तीन जोड्या असतात. एक कानापुढे, दुसरी जबड्याखाली आणि तिसरी जिभेखाली. त्यांतली लाळ बारीक नळ्यांतून तोंडात येते. लाळेत कॅल्शियमचे क्षार असतात. लाळ तुंबली, घट्ट झाली की क्षार साचून खडा तयार होतो. १०० पैकी ८० हून अधिक खडे जबड्याखालच्या ग्रंथीत सापडतात. तिथली लाळ दाट असते, नळी सुमारे ५ सेंटिमीटर लांब असते आणि लाळेला खालून वर चढावे लागते.

ओळख सोपी आहे. जेवायला बसले, विशेषतः आंबट खाल्ले, की जबड्याखाली टरारून गाठ येते आणि ठणका लागतो. जेवण झाल्यावर तासा-दोन तासांत ती ओसरते. पुढच्या जेवणाला पुन्हा तेच. दाढेच्या दुखण्यात सहसा असे होत नाही. ताप आला, तोंडात पुवाची चव लागली, तर आत जंतू शिरले असे समजावे.

खडा का होतो याचे एकच कारण सांगता येत नाही. पण अंगात पाणी कमी पडले की लाळ कमी व घट्ट होते आणि खड्याला वाव मिळतो, असे डॉक्टर मानतात. ऊसतोडीला, वीटभट्टीवर, बांधकामावर राबणारी आपली माणसे पुरेसे पाणी पीत नाहीत. आपल्या भगिनी तर कामाच्या जागी संडासाची सोय नसते म्हणून मुद्दाम तहान मारतात. तेव्हा पिण्याचे पाणी आणि संडास यांची मागणी मुकादमाकडे, मालकाकडे सर्वांनी मिळून केली पाहिजे. तो आपल्या आरोग्याचा हक्क आहे. मात्र खडा कॅल्शियमचा म्हणून घरातले दूध बंद करू नये.

उपचार खड्याच्या आकारावर आणि जागेवर ठरतात. डॉक्टर बोटांनी चाचपून, एक्स-रे किंवा सोनोग्राफी करून खडा शोधतात. खडा लहान असेल तर भरपूर पाणी पिणे, लिंबाची फोड चोखणे, गरम शेक देणे आणि मागून हनुवटीकडे हलके चोळणे यांनी तो कधी कधी आपोआप बाहेर पडतो. पू झाला असेल तर डॉक्टर प्रतिजैविके देतात. नळीच्या तोंडाशी असलेला खडा जागा बधिर करून तोंडातूनच काढतात. काही मोठ्या रुग्णालयांत बारीक दुर्बिणीनेही खडा काढतात. खडा खोल असेल आणि सूज वारंवार येत असेल, तर ग्रंथीच काढावी लागते. ओठ हलवणारी नस तिथूनच जात असल्याने हे काम तज्ज्ञाचेच आहे. एक ग्रंथी काढल्याने तोंड सहसा कोरडे पडत नाही, बाकीच्या ग्रंथी काम करतात.

साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय, म्हणजे आपले सिव्हिल, आहे. मिरजेला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६२ पासून आहे आणि त्याची रुग्णालये मिरज व सांगली दोन्हीकडे आहेत. केसपेपर काढून कान-नाक-घसा विभागात दाखवावे. ऑपरेशन सांगितले तर ते महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसते का, हे तिथल्या आरोग्यमित्राला आधी विचारावे. रेशनकार्ड आणि आधारकार्ड सोबत ठेवावे.

शेवटी एक महत्त्वाचे. जी गाठ जेवणानंतरही उतरत नाही, दुखत नाही पण वाढत जाते, किंवा जिच्यासोबत चेहऱ्याची एक बाजू लुळी पडते, ती खड्याची नसून कॅन्सरचीही असू शकते. तंबाखू-मिश्रीची सवय असलेल्यांनी तोंडातली न भरणारी जखमही अंगावर काढू नये. त्याच आठवड्यात दवाखाना गाठावा. एका दिवसाचा रोज बुडेल, पण माणूस वाचेल.