जुनी स्पोर्ट्‌स कार : रंगाआधी लाकूड पाहा

कोलकात्यात ‘द स्टेट्समन’ या दैनिकाने १९६८ साली जुन्या मोटारींची रॅली सुरू केली. अशा रॅलीत एखादी दोन आसनी एम. जी. दिसली, की आपल्याही दारात ती असावी, असे अनेकांना वाटते. हौस जरूर करावी, पण चकाकीला भुलू नये.

१९४५ ते १९४९ या काळात बनलेली एम. जी. टीसीच घ्या. इंजिन १२५० सीसीचे, गाडी हलकी. पण पत्र्याखाली बॉडीचा सांगाडा ॲश लाकडाचा. कोलकात्याच्या दमट हवेत हे लाकूड आतून कुजते आणि वरचा रंग चमकतच राहतो. म्हणून दार उघडून हलकेच वर उचलावे. बिजागरीचा खांबही हलला, तर लाकूड गेले समजावे.

इंजिन व चासिसचे नंबर कागदपत्रांशी जुळवावेत. २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवली, तर ती रोज रस्त्यावर काढता येत नाही.

सुट्या भागांसाठी मल्लिक बाजार प्रसिद्ध आहे. तिथे जाताना जुना भाग सोबत न्यावा. पावसाळ्यात गाडी छपराखाली ठेवावी, पण ताडपत्रीत घट्ट गुंडाळू नये. लाकडाला हवा लागते.