पहिला पेला कोणी भरला?

आम्ही राहतो त्या कोबे शहरातील नादा भाग साके मद्यासाठी साऱ्या जपानात प्रसिद्ध आहे. तरीही येथे वीस वर्षांखालील मुलांना दारू पिण्यास १९२२ च्या कायद्याने बंदी आहे. २०२२ साली सज्ञानतेचे वय १८ झाले, पण दारूचे २० च राहिले. विशेष म्हणजे पिणाऱ्या मुलाला या कायद्यात शिक्षा नाही; ती आहे विकणाऱ्या दुकानदाराला आणि डोळेझाक करणाऱ्या पालकाला!

"मुले बिघडली" म्हणून रडणाऱ्या आईबापांना आम्ही विचारतो, पहिला पेला कोणी भरला? मेंदीच्या रात्री "घे रे, एका घोटाने काय होते?" म्हणणारा काका आपल्याच घरचा असतो. आम्ही परिचारिका म्हणून उमर घालवली. अंग गार पडलेला, ओकारीत गुदमरणारा कोवळा पोर ज्याने रात्रपाळीत पाहिला, तो असे कधीच बोलणार नाही.

आपल्या वाडवडिलांनी कोकणात काळ्या मनुका भिजवून, कुस्करून, गाळून केलेल्या सरबतावर किद्दुश म्हटला. त्याने शब्बाथाचे पावित्र्य उणे झाले काय? मग परदेशी येताच मुलांपुढे बाटली कशाला?

नुसता उपदेश पुरे झाला. सणासमारंभात पेयांचे टेबल तरुणतरुणींच्याच ताब्यात द्या. सरबत त्यांनी करावे, वयाचा नियम त्यांनी पाळावा व पाळून घ्यावा, आणि काका चुकल्यास त्यांनाही हटकावे. तेव्हा मोठ्यांनी रागावू नये. बंधुभगिनींनो, येत्या सणापासूनच आरंभ करा.