वाडीच्या घाटावर घमेलं आपलं, टेंडर कुणाचं?

नृसिंहवाडीत कृष्णेचं पाणी मंदिरात शिरून दक्षिणेच्या दारातून बाहेर पडलं की दक्षिणद्वार सोहळा होतो. 2005, 2019 आणि 2021 ला तेच पाणी शिरोळ तालुक्यातल्या घराघरांत शिरलं. पूर ओसरला की रस्ते, गटारं, संरक्षक भिंती यांची कामं निघतात. त्यात कन्यागत महापर्व 2016 ला झालं, बारा वर्षांच्या हिशेबाने पुढचं 2028 ला, म्हणजे घाटाची आणि रस्त्यांची कामं आणखी निघणार. सेंट्रिंगवर आणि घमेल्याखाली आपलीच पोरं असणार, हे कुणी सांगायला नको. माझा प्रश्न वेगळा आहे. त्या कामाचं बिल आपल्यातल्या कुणाच्या नावावर निघणार का?

मुद्रा आहे, कर्ज घ्या, असं आपल्याला सांगितलं जातं. कर्जाने मिक्सर येतो. काम येत नाही. काम टेंडरमधून येतं आणि टेंडरचं दार अनुभवाच्या अटीने बंद आहे. केंद्राच्या मार्गदर्शक नियमांत गेल्या सात वर्षांत तशाच प्रकारची पूर्ण केलेली कामं मागतात. तीन असतील तर प्रत्येक काम अंदाजपत्रकाच्या 40 टक्क्यांचं, एकच असेल तर 80 टक्क्यांचं. म्हणजे कोटीच्या कामासाठी आधी 80 लाखांचं काम केलेलं हवं. ते कुणी केलेलं असतं? ज्याच्या बापाला आणि चुलत्याला आधीच कामं मिळत होती, त्याने. वर पाच-दहा छोटी कामं एकत्र करून एकच मोठं टेंडर काढलं की छोटा ठेकेदार अर्जाच्या आधीच बाद.

आता दिल्लीचं धोरण पाहा. सूक्ष्म व लघु उद्योगांसाठीचं सार्वजनिक खरेदी धोरण 2012 पासून लागू आहे. केंद्रीय खाती आणि कंपन्यांनी 25 टक्के खरेदी या उद्योगांकडून करायची, त्यातली 4 टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांकडून. हे 4 टक्के बहुतेक कागदावरच राहत आले, ते एक दुखणं. दुसरं फारसं कुणी बोलत नाही: हे धोरण वस्तू आणि सेवांपुरतं आहे. वर्क्स कॉन्ट्रॅक्ट, म्हणजे साहित्य-मजुरीसह बांधकाम, त्यात धरत नाहीत. आपला माणूस कार्यालयाला खुर्ची विकू शकतो, पण त्याच कार्यालयाची भिंत बांधताना त्याला कसलाच वाटा नाही. आपल्या हातात जे कौशल्य आहे, नेमकं तेच वगळलं.

ही मागणी नवी नाही. 29 ऑक्टोबर 1942 ला व्हाइसरॉयना दिलेल्या निवेदनात बाबासाहेबांनी नोकरी-शिक्षणाबरोबर केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याच्या ठेक्यांचाही प्रश्न मांडला होता. तेव्हा ते मजूरमंत्री होते आणि ते खातं त्यांच्याच अखत्यारीत होतं. नोकरीतल्या आरक्षणाची लढाई आपण पुढे नेली, ठेक्यांची फाईल मात्र धूळ खात राहिली. आणि कोल्हापूरकरांना तर हे समजायला वेळ लागू नये. शाहू महाराजांनी गंगाराम कांबळेंना हॉटेल काढायला बळ दिलं आणि तिथे स्वतः चहा प्यायले, सोबतच्यांनाही पाजला. राजा गिऱ्हाईक झाला, म्हणून ते हॉटेल उभं राहिलं.

"मग गुणवत्तेचं काय?" हा प्रश्न येणारच. 2020 मध्ये केंद्राने 200 कोटींपर्यंतच्या खरेदीत जागतिक निविदा बंद केल्या, देशी कंपन्यांना संरक्षण म्हणून. तेव्हा गुणवत्तेची आठवण कुणाला झाली नाही. मग एक कोटीच्या गटारालाच ती का होते? वाडीपासून कर्नाटकची हद्द लांब नाही. तिथे कायद्यानेच छोट्या सरकारी बांधकामांत अनुसूचित जातींना 17.15 आणि जमातींना 6.95 टक्के वाटा आहे. आधी 50 लाखांपर्यंतच्या कामांना, 2023 पासून एक कोटीपर्यंत. आपल्याकडे छोट्या कामांचं 33:33:34 वाटप आहे: बेरोजगार अभियंते, मजूर संस्था आणि खुले ठेकेदार. त्यात आपला स्वतंत्र वाटा नाही.

काम मिळालं तरी पैसे? 2006 चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायदा 45 दिवसांत पैसे द्यायला सांगतो, उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. पण वर्क्स कॉन्ट्रॅक्टला तो लागू नाही, असं मुंबई उच्च न्यायालयासह न्यायालयांनी म्हटलं आहे. जलजीवनची थकलेली बिलं आठवा. मोठा ठेकेदार व्याज सोसतो, छोटा घर गहाण टाकतो. आणि उपकंत्राटदाराचं नाव तर सरकारी कागदावर नसतंच.

आपल्यातलेच काही म्हणतील, बाबासाहेबांनी मनमाडला 1938 मध्ये ब्राह्मणशाहीबरोबर भांडवलशाहीलाही शत्रू म्हटलं, मग ठेकेदार कशाला घडवायचे? आक्षेप खरा आहे. म्हणून राखीव कामावरचा प्रत्येक मजूर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदलेला हवा, ही अट आपणच घालू. नावाला आपला माणूस आणि मागे गावचा पुढारी, हे डमी ठेकेदारही आपल्यालाच उघडे पाडावे लागतील. पण शोषण टळावं म्हणून कायम बिगारीच करत राहा, हा सल्ला मला मान्य नाही.

खासदारांकडे दोनच गोष्टी मागायच्या: खरेदी धोरणात आणि 45 दिवसांच्या नियमात वर्क्स कॉन्ट्रॅक्ट स्पष्ट शब्दांत घाला. त्याआधी शिरोळ पंचायत समितीत माहिती अधिकाराचा अर्ज द्या. पाच वर्षांतली बांधकामं, प्रत्येकाचा ठेकेदार, रक्कम, बिल कधी मंजूर झालं आणि पैसे कधी मिळाले. यादी हातात आली की नावं मोठ्याने वाचा.