संगणक हवा, उपकार नको



जिल्हा परिषदेच्या शाळेत एखादी संस्था संगणक घेऊन आली की काय होते, हे आता पाठ झाले आहे. मांडव पडतो, हारतुरे होतात, फोटो निघतात. फलकावर लिहिलेले असते, 'वंचित मुलांसाठी'. पहिली हरकत या शब्दालाच. देगलूरची पोरे वंचित जन्मली नाहीत, त्यांना वंचित केले गेले. कुणी केले, ते फलकावर नसते.

हिशेब मांडू. ऑगस्ट 2025 मध्ये केंद्र सरकारने परदेशी कापसावरचा 11 टक्के आयात कर उठवला. आधी 30 सप्टेंबरपर्यंत, मग 31 डिसेंबरपर्यंत. नेमका आपला कापूस घरात येण्याचा काळ! मध्यम धाग्याच्या कापसाला त्या हंगामाचा हमीभाव 7710 रुपये क्विंटल होता. कर उठला तो गिरण्यांना कापूस स्वस्त पडावा म्हणून. क्विंटलमागे 500 रुपये कमी मिळाले, तर वीस क्विंटलवाल्याचे दहा हजार गेले. तेवढ्यात पोराचा साधा स्मार्टफोन येतो.

हे हसण्यावारी नेऊ नका. जानेवारी 2025 मध्ये शेजारच्या बिलोली तालुक्यात दहावीतल्या मुलाने अभ्यासासाठी मोबाईल मागितला. बाप कर्जात, घेऊन देता आला नाही. मुलाने जीव दिला, त्याच्यामागे बापानेही. बापाच्या हातात पिकाचा पैसा असता तर मोबाईलचे दुकान लांब नव्हते.

आता दानाकडे पाहू. 2013 च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्याचे 2 टक्के समाजकार्यावर खर्च करणे बंधनकारक आहे. संगणक वाटणाऱ्या संस्थांमागे पुष्कळदा हाच पैसा असतो. याला दानत म्हणत नाहीत, कायदा पाळणे म्हणतात. भाव पाडून पोत्याने न्यायचे आणि मुठीने परत द्यायचे, वर आम्ही हात जोडायचे!

मग संगणक परत पाठवायचे? मुळीच नाही. शेतकऱ्याच्या पोराला नवे तंत्र मिळालेच पाहिजे. पण पेटी म्हणजे शिक्षण नव्हे. 2005 साली अमेरिकेतून 'शंभर डॉलरचा लॅपटॉप' गाजला. 2007 मध्ये तो रायगड जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यात एका एकशिक्षकी शाळेत आला. तोवर किंमत दुपटीच्या घरात गेली होती. पेरू देशाने असे आठ लाखांवर लॅपटॉप घेतले. तिथल्या 319 ग्रामीण शाळा तपासल्या, तेव्हा भाषा आणि गणितात मुले पुढे गेल्याचे दिसले नाही. हा निकाल 2012 चा.

उलट उदाहरण बडोद्याचे. तिथल्या पालिका शाळांना 2000 साली मिळालेले संगणक बऱ्याच ठिकाणी पडून होते. मुंबईच्या 'प्रथम' संस्थेने शिकवणारी माणसे दिली, चौथीच्या मुलांकडून आठवड्याला दोन तास गणिताचे खेळ करून घेतले. मुले गणितात पुढे गेली. काम थांबल्यावर वर्षभरात तो फायदा बराच ओसरला. अर्थ उघड आहे. यंत्र शिकवत नाही, टिकून राहणारा माणूस शिकवतो.

तेव्हा मांडव घालण्याआधी विचारा. विजेचे बिल कोण भरणार? बॅटरी गेली तर कोण बदलणार? शिकवणारा किती वर्षे राहणार? धडे मराठीत आहेत का? उत्तरे लेखी घ्या. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांच्या आहेत आणि शाळेचा विकास आराखडा करणे हे तिचेच काम आहे. समितीच्या बैठकीला जा. नुसत्या सह्या करून येऊ नका. आराखड्यात संगणक, वीज आणि शिक्षक एकत्र मांडा.

संस्था येतील, जातील. त्यांचे शाळेत स्वागत करा. पण सरकारची जबाबदारी त्यांच्या हारात लपू देऊ नका. शाळेचा संगणक हा पोराचा हक्क आहे, आणि घरातला संगणक बापाने कापसाच्या पैशातून घ्यावा. तेवढा भाव आम्ही मागतो आहोत, भीक नव्हे.