आर्ट्स घेऊन काय करणार?

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. पेडण्याला बहिणीच्या घरी सत्यनारायणाची पूजा होती. बारावीचा निकाल नुकताच लागला होता. भाचीने सायन्सला ऐंशीच्या वर टक्के मिळवलेले, त्यामुळे घरात कौतुक चालले होते. प्रसाद वाटता वाटता कुणीतरी विचारले, पुढे काय? ती म्हणाली, "बी.ए. अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र घेऊन. मग विद्यापीठात आंतरराष्ट्रीय संबंध." क्षणभर सगळे गप्प. मग तिच्या थोरल्या काकांनी प्रसादाचा द्रोण खाली ठेवला आणि म्हणाले, "आर्टस घेवन कितें करतलें गो तूं? मामासारकें क्लार्क जातलें?"

सगळे हसले. मामा म्हणजे मी. मीही हसलो. पण रात्री डिचोलीला परतताना स्कूटरवर ते हसू घशात अडकले. काकांना उत्तर द्यायला हवे होते, दिले नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी कबुली देतो. मी अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र घेऊनच बी.ए. झालो. विषयांचे प्रेम होते असे मुळीच नाही. सायन्सला मार्क पुरले नाहीत एवढेच. सकाळी बस पकडायची, खनिजाच्या ट्रकांच्या रांगेमागे अर्धा तास धूळ खायची, आणि वर्गात जाऊन मागणीचा वक्र फळ्यावरून वहीत उतरवून घ्यायचा. उदाहरण चहाचे आणि कॉफीचे. तीन वर्षांत त्या वर्गात 'खाण' हा शब्द एकदाही आल्याचे मला आठवत नाही. खिडकीतून येणारी धूळ मात्र बाकावर रोज बसायची. परीक्षेआधी झेरॉक्स नोट्स, परीक्षेनंतर विसर. पुढे भरतीची जाहिरात आली, अर्ज केला, एल.डी.सी. झालो. तेव्हा काका एका अर्थी बरोबर आहेत. माझ्यासारखे शिकायचे असेल तर आर्ट्स घेऊ नये. सायन्सही घेऊ नये!

पण मंडळी, दोष माझ्या शिकण्याचा होता, विषयाचा नव्हे. गोव्यात असे कुठले तालुके असतील की ज्यांचे नशीब अर्थकारण, राजकारण आणि परराष्ट्र व्यवहार यांनी इतके उलटेपालटे केले, तर ते आमचे पेडणे आणि डिचोली. हे विषय इथल्या मुलांनी शिकायचे नाहीत तर कुणी?

डिचोलीचे बघा. आमचे लोखंडी खनिज आधी जपानला जायचे. २००० नंतर चीनची भूक वाढली, २००८ चे बीजिंग ऑलिंपिक जवळ आले, आणि ज्या हलक्या प्रतीच्या मालाला कुणी विचारत नव्हते त्यालाही भाव आला. गावागावांत लोकांनी बँकेची कर्जे काढून ट्रक घेतले. चुलत्याने घेतला, शेजाऱ्याने घेतला. चीनमधल्या पोलाद कारखान्याची मागणी उद्या घटली तर आपला हप्ता कोण भरणार, हा प्रश्न कुणी विचारला नाही. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की लीजांची मुदत २२ नोव्हेंबर २००७ लाच संपली होती, आणि यापुढे वर्षाला दोन कोटी टनांच्या वर काढायचे नाही. पुन्हा सुरू झाले. फेब्रुवारी २०१८ मध्ये न्यायालयाने नूतनीकरणेही रद्द केली, १६ मार्चपासून पुन्हा बंद. डिसेंबर २०२२ मध्ये लिलाव झाले, त्यात डिचोलीचा ब्लॉक होता. या सगळ्या काळात आम्ही काय केले? नाक्यावर उभे राहून 'कधी सुरू होणार' एवढेच विचारले. का बंद झाल्या, जमिनीखालचे धन कायद्याने कुणाचे, त्यातले सरकारी तिजोरीत किती येते आणि गावाला किती, याचा हिशेब मांडता येणारा माणूस गावात नव्हता.

आता मये. डिचोलीपासून हाकेच्या अंतरावर. पोर्तुगीज काउंटच्या घराण्याची ती जमीन. १९६१ ला गोवा मुक्त झाला, मालक परदेशात, म्हणून १९६४ च्या कायद्याने ती 'इव्हॅक्युई प्रॉपर्टी' म्हणून सरकारच्या ताब्यात. लोक पिढ्यान्‌पिढ्या तिथेच राहणारे, पण पायाखालची जमीन त्यांची नाही! तो फास सोडवण्यासाठी विधानसभेला २०१४ साली वेगळा कायदा करावा लागला. दोन देशांमधले वैर मिटले तरी त्याची गाठ एका खेड्यातल्या शेतकऱ्याच्या उताऱ्यावर कशी राहते, हे शिकायला कुठल्या परदेशी पुस्तकाची गरज आहे?

आणि पेडणे? १५ ऑगस्ट १९५५ ला पत्रादेवीच्या सीमेवर निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या चालल्या. पंजाबचा कर्नैलसिंग तिथे पडला. दरवर्षी आपण तिथे फुले वाहतो. पण त्याच वर्षी डिसेंबरात पोर्तुगालने दादरा नगर-हवेलीच्या वाटेवरून भारताला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचले होते, १९६० साली त्याचा निकाल लागला होता, आणि १८ डिसेंबर १९६१ ला सुरक्षा परिषदेत भारताविरुद्धचा ठराव सात मते मिळूनही सोव्हिएत युनियनच्या व्हेटोमुळे पडला, हे आपल्या किती मुलांना सांगितले जाते? पोर्तुगालने भारताचे सार्वभौमत्व मान्य केले ते थेट १९७४ च्या अखेरीस, तिथली हुकूमशाही कोसळल्यावर. आपल्या मुक्तीची अर्धी कथा पत्रादेवीला घडली आणि अर्धी हेग, न्यूयॉर्क आणि लिस्बनला. आपण अर्धीच शिकवतो.

जुने सोडा. मोरजीला रशियन पाट्या लागल्या तेव्हा सगळे खूश होते. २०१४ च्या शेवटी रुबल कोसळला आणि खोल्या रिकाम्या राहिल्या. युक्रेन कुठे हे नकाशावर न दाखवता येणाऱ्या माणसाचा धंदा युक्रेनमुळे बुडाला. मोपाच्या पठारावर ५ जानेवारी २०२३ पासून विमाने उतरू लागली. पोर्तुगालची नोंदणी करून देणाऱ्या एजंटांकडे आपलीच मुले जातात. ब्रेक्झिटनंतर त्या पासपोर्टावर इंग्लंडला जाऊन सहज स्थायिक होता येत नाही हे काहींना पैसे भरल्यावर कळते. तिळारीचे जे पाणी आपल्या शेतात येते तेसुद्धा दोन राज्यांच्या करारातून. आता सांगा, यातले काय मेडिकलला शिकवतात, आणि काय इंजिनियरिंगला?

एक प्रसंग सांगतो. सरकारी नोकर आहे, तेव्हा गाव आणि प्रकल्प दोन्ही सांगत नाही. एका जनसुनावणीला मी कामानिमित्त बसलो होतो. नियमाप्रमाणे पर्यावरण अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत होता. मूळ अहवाल इंग्रजीत, उशीएवढा जाड. गावकरी बोलले. काय बोलले! देवराई, झर, बापजाद्यांचे कुळागर... ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी यावे. मग समोरचा सुटाबुटातला माणूस उठला आणि त्याने शांतपणे आकडे वाचले. इतक्या नोकऱ्या, इतका महसूल, इतकी भरपाई. त्या आकड्यांना एकानेही प्रश्न विचारला नाही. हा नोकऱ्यांचा आकडा कायम नोकऱ्यांचा की बांधकामापुरता? विहीर आटली तर त्याची किंमत यात कुठे धरली? मी अर्थशास्त्राचा पदवीधर, वहीत कार्यवृत्त लिहीत बसलो होतो. मलाही त्या वेळी तो प्रश्न सुचला नाही. घरी आल्यावर सुचला.

इथे मला आपल्या मराठीप्रेमी मंडळींशी भांडायचे आहे, कारण मी त्यातलाच एक आहे. पेडण्याच्याच भाऊसाहेब बांदोडकरांनी गावोगाव मराठी शाळा उघडल्या म्हणून माझे आईवडील लिहायला शिकले. त्या पायावर आपण काय बांधले? कविसंमेलने, नाट्यस्पर्धा, भजनस्पर्धा, दशावतार. सगळे प्रिय आहे, दरवर्षी हजेरी लावतो. पण मी गेलो त्या एकाही संमेलनात गोव्याच्या अंदाजपत्रकावर परिसंवाद ऐकला नाही. माझ्या कपाटात गोमंतकीय कवितेचे चाळीसेक संग्रह आहेत. खनिजाच्या रॉयल्टीचा हिशेब मराठीत समजावणारे एकही पुस्तक नाही. पाचवीपासून मूल इंग्रजीत जाते, आणि मराठी त्याच्याकडे फक्त भावना व्यक्त करण्यापुरती उरते. राजभाषेसाठी आपण रस्त्यावर उतरलो. ज्या भाषेत पैशाचा आणि सत्तेचा हिशेब मांडायची सवयच आपण लावली नाही, ती राजभाषा होऊन काय करणार होती?

'हे विषय आपले नव्हेत' म्हणणाऱ्यांना दोन नावे सांगतो. नावेलीचे फ्रान्सिस्क लुईश गोमीश. पेशाने डॉक्टर, पण १८६२ मध्ये त्यांनी पोर्तुगीज भारताच्या शेतजमिनीवर लिहिले आणि १८६७ मध्ये अर्थशास्त्राच्या सिद्धांतावर फ्रेंचमध्ये ग्रंथ काढला. गोमंतकीयाला हे दीडशे वर्षांपूर्वी जमले होते. दुसरे डॉ. आंबेडकर. कोलंबिया आणि लंडनला अर्थशास्त्र शिकले, रुपयाच्या प्रश्नावर इंग्रजीत ग्रंथ लिहिला. पण आपल्या माणसांशी बोलायला 'मूकनायक' काढला तो मराठीत. शिकावे जिथे मिळेल तिथे, मिळेल त्या भाषेत. सांगावे घरच्या भाषेत.

नोकरीचे काय, हा काकांचा प्रश्न खोटा नाही. नुसत्या बी.ए.वर काही मिळत नाही, हे मी जाणतो. आणि अर्थशास्त्र म्हणजे पाठांतर असे समजणाऱ्याने तिकडे फिरकूच नये; त्याला गणित लागते, संख्याशास्त्र लागते. म्हणून तर सायन्सची हुशार मुलगी तिकडे जाते याचा मला आनंद आहे. गोवा विद्यापीठात सामाजिक शास्त्रांच्या शाखेला दामोदर धर्मानंद कोसंबींचे नाव आहे. हा माणूस मूळचा गणिती! जुनी नाणी तराजूत घालून, वजनांचे गणित मांडून त्याने इतिहास वाचला. सायन्स आणि आर्ट्स यांच्यामधली भिंत त्याला कधी दिसली नाही. ती आपण बांधली, ॲडमिशनच्या खिडकीपाशी.

असो. दुसऱ्या दिवशी मी बहिणीला फोन केला आणि भाचीबरोबर कॉलेजचा फॉर्म भरायला मीच जाईन म्हणून सांगितले. रजा टाकून गेलोसुद्धा. रांगेत उभी असताना तिने विचारले, "मामा, तुझ्या वेळी खाणींबद्दल काय शिकवायचे?" मी म्हटले, काही नाही. ती म्हणाली, "मग मी त्याच्यावरच प्रोजेक्ट करीन."

आणि काका, तुमच्या प्रश्नाचे उत्तर उशिरा देतो, राग मानू नका. कदाचित तीही होईल क्लार्क. झाली तर होऊ दे. पण पुढच्या जनसुनावणीला आकडे वाचले जातील, तेव्हा ती कार्यवृत्त लिहिता लिहिता मान वर करून बघेल, आणि संध्याकाळी गावात येऊन तुम्हाला तुमच्या भाषेत सांगेल की त्यातला कुठला आकडा खोटा आहे.