संगणकात प्रोग्राम टाकायचा तो कोठून?



हल्ली आपल्या घरांतून मोबाइल आलाच आहे. मुलगी कॉलेजात गेली किंवा मुलगा स्पर्धा परीक्षेला बसू लागला की, बोनसच्या पैशातून अथवा हप्त्यावर एखादा जुना लॅपटॉपही घेतला जातो. त्या एका यंत्रावर सारे घर चालते. मुलांचा अभ्यास, शिष्यवृत्तीचा फॉर्म, आईच्या बचत गटाचा हिशेब, वडिलांच्या फंडाचे पासबुक, सर्व काही त्यावरच. असे यंत्र फॉर्मच्या शेवटच्या तारखेला बंद पडले तर त्या घराचे काय होते, हे आम्ही वेगळे सांगावयास नको. आणि पुष्कळदा ते बंद पडते ते आपटल्याने नव्हे, तर त्यात नको ते टाकल्याने. म्हणून या खेपेस आम्ही हा विषय घेतला आहे.

मोबाइलवर काही हवे असेल तर कोठे जायचे हे शाळकरी पोरालाही ठाऊक असते. तेथे एक ठरलेले दुकान असते. संगणकावर मात्र आपली माणसे गुगलवर प्रोग्रामचे नाव टाकतात आणि पहिले जे येईल त्यावर बोट ठेवतात. ते पहिले पुष्कळदा जाहिरात असते. आत गेल्यावर 'डाऊनलोड' लिहिलेली चार बटणे दिसतात; त्यांतले खरे एकच. ही खोट्या बटणांची पीडा एवढी वाढली की, २०१६ मध्ये गुगलने अशा पानांवर इशारा दाखवायला सुरुवात केली. पुढे सेटअप चालू झाला की 'नेक्स्ट, नेक्स्ट' करत आपण शेवटाला पोचतो आणि मध्येच आधीपासून टिक करून ठेवलेली दोन-तीन पाहुणे मंडळी घरात शिरतात. मग यंत्र रखडते, जाहिराती उसळतात, आणि दुरुस्तीवाला म्हणतो, "विंडोज नव्याने मारावी लागेल." त्यात मुलीच्या नोट्स आणि फोटो गेले तर ते भरून कोण देणार?

यात दोष आपल्या माणसांच्या अडाणीपणाचा, असे काही शिकलेले लोक म्हणतात. आम्हांस ते मुळीच मान्य नाही. चांगल्या नावाच्या ठिकाणीही माणूस फसू शकतो. 'सोर्सफोर्ज' हे मोफत प्रोग्राम मिळण्याचे जुने, नावाजलेले ठिकाण. २०१३ साली त्यांनी काही प्रोग्रामच्या सेटअपला जाहिरातीचे दुसरे प्रोग्राम जोडण्याची योजना काढली. चित्रे सुधारण्याचा 'गिंप' हा प्रोग्राम करणाऱ्यांनी त्याच वर्षी ते ठिकाण सोडले. तरी २०१५ मध्ये गिंपच्याच विंडोज प्रतीला तेथे अशी जोडणी केलेली आढळली, तेव्हा मोठा गवगवा झाला. २०१६ मध्ये मालक बदलले आणि नव्या मालकांनी ती योजना बंद केली. जेथे जाणकार फसले, तेथे साध्या कामगाराला बोल लावून काय उपयोग?

मोठ्या कचेरीत काय असते पाहा. तेथे कारकुनाला आपल्या टेबलावरील संगणकात काहीही टाकण्याची मुभा नसते. संगणक विभागाचा माणूस येतो, पारखलेला प्रोग्राम बसवतो, वेळच्या वेळी त्याच्या दुरुस्त्या करतो. म्हणजे साहेबांच्या यंत्राला राखणदार आहे. कामगाराच्या घरातील यंत्राला राखणदार कोण? प्रश्नाचे मूळ येथे आहे. प्रोग्राम शोधण्याची आणि बसवण्याची पद्धत अशी हवी की, ज्याच्या घरी संगणक विभाग नाही त्याला ती विभागाच्या ठिकाणी उपयोगी पडावी.

ही पद्धत अशी का झाली, तेही समजून घेऊ. विंडोजवरचे प्रोग्राम पूर्वी फ्लॉपीवर आणि नंतर सीडीवर येत. प्रत्येक कंपनीचा सेटअप निराळा. इंटरनेट आल्यावर सीडी गेली, पण जो-तो आपापला सेटअप वाटतोच आहे. मधे पारखणारा कोणी नाही. उलट, लिनक्स वापरणाऱ्यांनी दुसरी वाट धरली. १९९३ मध्ये सुरू झालेल्या 'डेबियन'च्या मंडळींनी प्रोग्राम एका कोठारात ठेवले. त्या मालावर डिजिटल सही असते. वाटेत कोणी बदल केला तर तो पकडला जातो. १९९९ च्या आवृत्तीपासून त्यांनी 'ॲप्ट' नावाची सोय दिली. एक आज्ञा लिहिली की, प्रोग्राम आणि त्याला लागणारे सुटे भाग सर्व आपोआप येतात. पुढच्या दुरुस्त्याही तेथूनच येतात, आणि काढून टाकायचा झाला तरी त्याच वाटेने जातो.

व्यवस्था उत्तम, पण आज्ञा टाइप करायची, आणि हजारो नावांतून आपल्या कामाचे कोणते हे ओळखायचे कसे? म्हणून २००९ मध्ये 'उबुंटू'ने सॉफ्टवेअर सेंटर आणले. त्यात चित्र, माहिती आणि बसवण्याचे बटण होते. जानेवारी २०११ मध्ये ॲपलने मॅक संगणकांसाठी दुकान उघडले. २०१२ मध्ये विंडोज ८ बरोबर मायक्रोसॉफ्टचेही आले.

मग दुखणे संपले का? नाही. विंडोजच्या दुकानातून जुन्या पद्धतीचे प्रोग्राम सुरुवातीस बसवताच येत नसत, त्यामुळे लोकांना हवे ते तेथे नसे. २०२१ मध्ये विंडोज ११ च्या वेळी नियम सैल केले, तेव्हा कोठे ते आहेत तसे येऊ लागले. लिनक्समध्ये २०१६ पासून 'फ्लॅटपॅक' आणि 'स्नॅप' असे दोन नवे प्रकार रुळले. यांत प्रोग्राम आपल्या पेटीत राहतो आणि पुष्कळसा इतरांपासून वेगळा असतो, ही चांगली गोष्ट. पण एकाच नावाचा प्रोग्राम दोन-तीन ठिकाणांहून मिळू लागला, आणि यातला खरा कोणता, हा नवा घोळ झाला. यावर 'फ्लॅटहब' या कोठाराने २०२३ पासून, प्रोग्राम खऱ्या कर्त्याकडूनच आला असेल तर तशी खूण दाखवायला सुरुवात केली. अशी खूण सर्व ठिकाणी, ठळक दिसेल अशी हवी.

आणखी एक सावधगिरी. दुकानदार राखणदार असावा; तो घरमालक होऊन बसू नये. काही स्वस्त लॅपटॉपवर विंडोज 'एस मोड'मध्ये येते. त्यात फक्त मायक्रोसॉफ्टच्या दुकानातलेच प्रोग्राम चालतात. घरात लहान मुले असतील तर हे एका परीने बरेच आहे. पण हा बांध काढायला पैसे लागत नाहीत, आणि एकदा काढला की पुन्हा घालता येत नाही, या दोन्ही गोष्टी घेणाऱ्याला आधी कळल्या पाहिजेत. दुसऱ्या वाटेने जाण्याचा हक्क राहावा. पण ती वाट कोठे जाते हे सांगणारी पाटीही असावी.

आमच्या मते सुधारणा पुढीलप्रमाणे हव्यात. प्रोग्राम नावाने नव्हे, तर कामाने शोधता यावा. 'फॉर्मसाठी फोटो लहान करणे' असे मराठीत लिहिले तरी योग्य वस्तू पुढे यावी. बसवण्याआधीच करणारा कोण, किंमत किती, आणि डाऊनलोड किती एमबी, हे एका नजरेत दिसावे. मोबाइलच्या डेटावर घर चालवणाऱ्याला एमबी म्हणजे पैसा आहे. प्रोग्राम आपले फोटो, कॅमेरा, कागदपत्रे यांपैकी कशाला हात लावणार, हे सोप्या मराठीत सांगावे. आणि जे एका बटणाने आले ते एका बटणाने पूर्ण जावे.

या सुधारणा होतील तेव्हा होतील. तोवर आपण हातावर हात ठेवून बसायचे काय? मुळीच नाही. प्रथम, आपल्या यंत्रात काय आहे ते पाहा. मराठी टायपिंगसाठी लोक कोठकोठून फाइली आणतात. परंतु २०१९ पासून विंडोज १० मध्येच, इंग्रजी अक्षरांच्या उच्चारावरून मराठी उमटवणारा कीबोर्ड आहे. भाषेच्या सेटिंगमध्ये मराठी जोडली की झाले. पीडीएफ करण्याची सोय प्रिंटच्या यादीत असते. फोटो लहान करण्याचे काम साध्या 'पेंट'मध्ये होते. पत्रे आणि हिशेब यांसाठी 'लिबरऑफिस' मोफत आहे. ते करणाऱ्या संस्थेच्या स्वतःच्या पानावरून घ्यावे.

दुसरे, 'क्रॅक' केलेल्या प्रोग्रामच्या नादी लागू नका. 'आधी अँटिव्हायरस बंद करा,' असे जो सांगतो तो घराचा कुत्रा बांधायला सांगणाऱ्या चोरासारखा आहे. तिसरे, सेटअप चालताना प्रत्येक पान वाचा आणि नको त्या टिका काढा. चौथे, बँकेतून बोलतो असे सांगून कोणी दुरून यंत्र चालवण्याचे ॲप टाकायला लावले तर फोन ठेवून द्या. अशा ॲपबाबत रिझर्व्ह बँकेने २०१९ सालीच बँकांना सावध केले होते. पैसे गेलेच तर लगेच १९३० या क्रमांकावर तक्रार करा. वेळ दवडू नका.

पाचवे, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला आहे. ज्या जुन्या यंत्रावर विंडोज ११ चालत नाही ते भंगारात घालण्याआधी 'लिनक्स मिंट'सारखी मोफत प्रणाली बसवून पाहावी. तिच्यात प्रोग्रामचे कोठार आलेच.

शेवटी तरुणांना एक विनंती. आपल्या वस्तीत जेथे अभ्यासिका असेल तेथे दोन-तीन जाणत्या मुला-मुलींनी एक तक्ता करून भिंतीला लावावा. कोणते काम, त्यासाठी कोणता प्रोग्राम, तो कोठून घ्यावा, मोफत की विकत. दर सहा महिन्यांनी तो तपासावा. खर्च एका कार्डशीटचा. ज्या घरात एकच यंत्र आहे आणि ते बिघडले तर दुसरे घेण्याची ऐपत नाही, त्या घराला त्या तक्त्याचा केवढा आधार होईल, याचा विचार करावा आणि येत्या रविवारीच कामाला लागावे.