वैलावरचा तह

आमच्या घरात यंदा आषाढात जो तह झाला, त्याचे श्रेय एका भांड्याला आणि कोरिया देशाला द्यावे लागेल.

भांडणाचे कारण असे. बारावी झालेल्या आमच्या कन्येने इंजिनिअरिंगचा अर्ज बाजूला सारला आणि ‘मी कोरियन भाषा शिकणार’ असे जाहीर केले. “भाषा शिकून पोट भरते का?” असे मी गरजलो. मराठी शिकवून चार माणसांचे पोट भरणारा गृहस्थ हे बोलत होता! त्यानंतर आठ दिवस आमच्यातला संवाद ‘चहा’ आणि ‘हो’ एवढ्यावर आला.

नवव्या दिवशी तिने माळ्यावरून मामाने दुबईहून आणलेला ‘स्लो कुकर’ काढला. त्यात कोरियन पद्धतीच्या नूडल्स व्हायच्या होत्या. मूळ कृतीत गोमांस सांगितले होते. आपल्या राज्यात गाईबरोबर बैल-वळूंच्या कत्तलीवरही २०१५ पासून बंदी आहे आणि आमच्या घराची मजल मटणापलीकडे कधी गेलेली नाही. तेव्हा नळीचे मटण आले. सोया सॉस चायनीजच्या गाडीवाल्याने दिला. नासपती हवी होती. पण मोसंबीच्या पाचोडात ती कोठून मिळणार? गुळाचा खडा पडला. आले, लसूण आणि आईने भाजून दिलेले तीळ घालून झाकण बसले.

या यंत्राची गंमत अशी की, घाई केली तर ते रुसते. निबर मांस भडक आचेवर आकसते. पण उकळीच्या जरा खाली सात-आठ तास राहिले, की त्यातले चिवट धागे विरघळून रसाला दाटपणा येतो. इर्विंग नॅक्सन या अमेरिकन गृहस्थाला याच्या मूळ यंत्राचे पेटंट १९४० साली मिळाले. लिथुआनियातली त्याची आजी शब्बाथसाठी भट्टीत रात्रभर कालवण ठेवी, ही आईने सांगितलेली गोष्ट त्याच्या मनात होती म्हणे. म्हणजे येथेही आजीच!

मी मात्र दर अर्ध्या तासाने झाकण उचलून पाहत होतो. शेवटी कन्या आठ दिवसांतले पहिले पूर्ण वाक्य बोलली, “बाबा, एकदा उघडलं की वीस-तीस मिनिटांची आच वाया जाते.”

पाचव्या तासाला लाइट गेली. कन्येचा चेहरा उतरला. आई काही न बोलता उठली. परसात पाणी तापवायची चूल आहे, तिला वैल आहे. आईने सगळे पातेल्यात ओतून चांगली उकळी आणली आणि पातेले वैलावर सरकवले. चुलीच्या मुख्य तोंडाशी जाळ, वैलाला नुसती धग. आमचे वरण, दूध, हाडांचा रस्सा, सारे वर्षानुवर्षे त्याच्यावरच मुरले.

“अरे, तू मराठी घेतलंस तेव्हा आप्पांनीही असाच जाळ केला होता,” आई निखारे सारखे करीत म्हणाली. “मी त्यांना एवढंच म्हटलं, पोराला वैलावर ठेवा.”

मी गप्प बसलो. हे मला इतक्या वर्षांत कोणी सांगितले नव्हते.

संध्याकाळी मटण हाडावरून आपोआप सुटले. नूडल्स वेगळ्या उकडून शेवटी घातल्या. आधी घातल्या असत्या तर त्यांची खीर झाली असती. मराठीचा मास्तर म्हणून मी त्यांना शेवयाच म्हणालो. आईने दोनदा वाढून घेतले, आणि “तिखट कमी आहे” हा शेराही दिला.

जेवताना मी हळूच विचारले, “कोरियन भाषेत वडिलांना काय म्हणतात?”

“आप्पा,” ती म्हणाली.

मी आईकडे पाहिले. ती पदराने डोळे टिपत होती. कारण विचारले तर म्हणाली, चुलीचा धूर.

दुसऱ्या दिवशी प्रवेशाच्या अर्जावर मी सही केली.